ओल्या गिलाव्याची डेडलाईन

'डेडलाईन' हा शब्द आमच्या धंद्यात ऊठसूट वापरला जातो. पण खरी डेडलाईन बघायची असेल तर पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीत जायला हवं. तिथे ती क्लायंट ठरवायचा नाही, मॅनेजर ठरवायचा नाही. चक्क भिंत ठरवायची!

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ केलेली आठवते ना? चुना कार्बन डायऑक्साईड घेतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. फ्रेस्को म्हणजे हाच प्रयोग, पण भिंतीवर. विरवलेला चुना आणि वाळू यांचा पातळ गिलावा द्यायचा आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. डिंक नाही की तेल नाही. चुन्याचा पुन्हा दगड होताना रंगाचे कण त्यातच अडकतात. म्हणजे चित्र भिंतीवर नसतं, भिंतीत असतं.

गोम अशी की यासाठी हातात जेमतेम काही तास असतात. फार लवकर रंग लावला तर कुंचल्याबरोबर गिलावा उचलला जातो, उशीर झाला तर रंग आत मुरत नाही. मग उपाय काय? एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा द्यायचा. या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. संध्याकाळी उरलेला गिलावा कापून टाकायचा. चूक झाली तर तो तुकडा खरवडून पुन्हा पहिल्यापासून. अनडू नाही!

मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टीन चॅपेलचं छत असंच रंगवलं. सुरुवातीच्या 'महापूर' या चित्राला त्याला २९ जोर्नाते लागले. त्यातच छतावर बुरशी धरली आणि वैतागून तो काम सोडायला निघाला, असं त्याचा चरित्रकार कोन्दिवी सांगतो. पोपने जुलिआनो दा सांगाल्लोला पाठवलं, त्याने बघितलं की गिलाव्यात पाणी जास्त होतंय. ते सुधारलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. शेवटी शेवटी तर हात इतका बसला होता की 'प्रकाश आणि अंधार वेगळे करणं' हे आख्खं चित्र त्याने एका जोर्नातात संपवलं.

आता लिओनार्दो बघा. मिलानमधलं 'द लास्ट सपर' त्याने साधारण १४९५ ते १४९८ मध्ये केलं. त्याला घाई मानवणारी नव्हती. पुन्हा पुन्हा बदल करायचे, छटा हळूहळू चढवायच्या. म्हणून त्याने ओल्या गिलाव्याला फाटा दिला आणि कोरड्या भिंतीवर स्वतःच्या पद्धतीने रंग लावले. हवा तेवढा वेळ मिळाला खरा, पण रंग भिंतीला धरून राहिला नाही. १५१७ मध्येच एका प्रवाशाने चित्र खराब होत असल्याची नोंद केली आहे. १९९९ मध्ये संपलेल्या दुरुस्तीला वीसेक वर्षं लागली, तरी मूळ रंग फार थोडा उरला आहे.

मग कोरड्या भिंतीवर रंगवणंच चूक का? तसं म्हणावं तर आपलं अजिंठा आडवं येतं! तिथल्या चित्रांना आपण सर्रास फ्रेस्को म्हणतो, पण ती फ्रेस्को नाहीत. मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. त्यांचेही पोपडे गेले आहेत, पण दीड हजार वर्षांनंतरही बरंच काही शिल्लक आहे. गंमत म्हणजे १९२० मध्ये निझाम सरकारने ती वाचवायला इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी लावलेलं शेलॅक पुढे पिवळं पडलं आणि तो थर काढणं हेच नंतर मोठं काम होऊन बसलं.

म्हणजे ओलं की कोरडं हा मुद्दा नाही. अजिंठ्याच्या कारागिरांची पद्धत रुळलेली होती, लिओनार्दोची एकट्याची आणि नवी होती. पण मला त्याच्यावर रागावता येत नाही. भिंतीचं ऐकलं असतं तर चित्र टिकलं असतं, पण ते हेच चित्र झालं असतं का? तुम्हाला काय वाटतं?