कडब्यावरचे आयोडिन

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याची विधाने, पुस्तकातच छापलेल्या आहेत, शिक्षक शिकलेले आहेत, मग त्यांचा अर्थ पुन्हा कशाला समजावायचा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या म्हणण्यामागचा वैताग खरा आहे. स्लाइड वाचून दाखवणारी प्रशिक्षणे शिक्षकांनी पुष्कळ सोसली आहेत. पण प्रशिक्षण वाईट होते यावरून मदतीची गरजच नाही, हे सिद्ध होत नाही.

एनसीईआरटीच्या २०१७ च्या निष्पत्तींमध्ये सहावीच्या मुलांनी साधा शोध घेऊन प्रश्नाचे उत्तर मिळवावे, अशी अपेक्षा आहे. सोबतच्या उदाहरणांत एक प्रश्न आहे: जनावरांच्या चाऱ्यात कोणती पोषकद्रव्ये असतात? दुष्काळात चारा छावण्या पाहिलेल्या बीड जिल्ह्याला याहून जवळचा प्रश्न कोणता? समजा, वर्गात ज्वारीच्या पिठावर पातळ आयोडिनचा थेंब टाकला. निळा-काळा रंग आला, म्हणजे पिष्ट आहे. मग कडब्याच्या काडीवर टाकला. तसा गडद रंग आला नाही. एका मुलाने न पाहताच ‘निळा’ लिहिले. दुसऱ्याने लिहिले, ‘रंग नाही, म्हणून कडब्यात पोषण नाही.’ तिसऱ्या मुलीने विचारले, ‘मग आमची गाय कडब्यावर जगते कशी?’

नोंदतक्त्यात तिघांपुढेही ‘प्रयोग केला’ अशी खूण होईल. प्रत्यक्षात या अपेक्षेच्या सर्वांत जवळ ती मुलगी पोहोचली आहे. आयोडिन फक्त पिष्ट दाखवते आणि कडब्यात मुख्यतः सेल्युलोज असते. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते फोडतात, म्हणून ती त्यावर जगते. चाचणीची मर्यादा त्या मुलीला दिसली. तिच्या प्रश्नाचे मोल ओळखणे छापील वाक्य वाचून जमत नाही, त्यासाठी मुलांच्या वह्या पुढ्यात ठेवून चर्चा करावी लागते.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, मग निकषच इतके बारीक करा की अर्थ लावायला जागाच उरू नये. पण त्या मुलीचा प्रश्न कोणत्या निकषकाराला आधी सुचला असता? शिवाय बारीक निकष धड्याधड्याला बांधले जातात आणि त्याचा फटका ऊसतोड कामगारांच्या मुलांना बसतो. दसरा-दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातात, हंगाम संपल्यावर परततात. मधले धडे हुकलेले असतात. शोध घेण्याची क्षमता मात्र पुढच्या कुठल्याही धड्यात, फडावर पाहिलेल्या उसाच्या वाढ्यांवरही, घडवता आणि तपासता येते. निष्पत्तीचा अर्थ ज्याला उमगला आहे तोच शिक्षक असे करू शकेल. बाकीचे ‘अभ्यासक्रम राहिला’ एवढेच म्हणतील.

म्हणून बीड जिल्ह्याच्या, अंबाजोगाईतल्या डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) आणि केंद्रप्रमुखांनी शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेतला एक तास परिपत्रकांपासून मोकळा करावा. चार-पाच शाळांच्या विज्ञानाच्या वह्या टेबलावर ठेवाव्यात, नावे झाकून. कोणते उत्तर अपेक्षेला पुरते आणि का, यावर शिक्षकांनी भांडावे. एकमत झाले नाही तर त्या वह्या पुढच्या महिन्यात पुन्हा आणाव्यात.