क्लबफूट : पालकांचा परस्पर आधार

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांच्या आईवडिलांनी एकमेकांना दिलेली माहिती, धीर व सोबत. साधारण हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने वळवून नवे प्लास्टर घालतात. बहुतेकदा टाचेमागची कंडरा लहानशा छेदाने सैल करतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. बाळ रडते, घरचे ‘आज राहू दे’ म्हणतात; बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते. मोजा सुरकुती न पडता कसा चढवावा, टाच बुटात पुरती बसली हे कसे ओळखावे, हे प्लास्टरच्या दिवशी रांगेत शेजारी बसलेली अनुभवी आई करून दाखवते. तिचे धावते मूल पाहून जो विश्वास येतो, तो छापील सूचनांनी येत नाही. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचे पाऊल वळले, असा ठपका सुनेवर ठेवणाऱ्या घरांत या सोबतीची गरज अधिकच. बुटाचे माप व प्लास्टर यांबाबतचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असावा.