साथीदारांच्या नावाचा बँड : फ्लीटवुड मॅकची स्थित्यंतरे

#थ्रेड

१/ सप्टेंबर २०२० च्या अखेरीस टिकटॉकवरची एक छोटी चित्रफीत जगभर पसरली. स्केटबोर्डवरून निघालेला एक माणूस, हातात क्रॅनबेरीच्या रसाची बाटली आणि सोबतीला ‘ड्रीम्स’ हे १९७७ चे गाणे. त्रेचाळीस वर्षांनी ते गाणे पुन्हा लोकप्रियतेच्या याद्यांत परतले. बँडचे नाव : फ्लीटवुड मॅक.

२/ ते गाणे लिहिणारी आणि गाणारी स्टीव्ही निक्स अनेकांना ठाऊक असते. मात्र ज्या नावाखाली ते प्रसिद्ध झाले, ते नाव ती येण्याच्या साडेसात वर्षे आधीपासून चालत आले होते. त्या काळात बँडमधली माणसे बदलली, संगीताचा बाज बदलला, राहता देशही बदलला. मग टिकले ते काय?

३/ आरंभ लंडनमध्ये, १९६७ साली. जॉन मेयॉल हा ब्रिटनमधल्या ब्लूज संगीताचा जणू कुलगुरूच. त्याच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मधला तरुण गिटारवादक पीटर ग्रीन याला मेयॉलने स्टुडिओतला थोडा वेळ भेट दिला. ग्रीनने तेथे काही रचना ध्वनिमुद्रित केल्या. ड्रमवर मिक फ्लीटवुड होता आणि बेस गिटारवर जॉन मॅकव्ही.

४/ त्यांतल्या एका वाद्यरचनेला ग्रीनने दोन्ही साथीदारांची नावे जोडून नाव दिले : ‘फ्लीटवुड मॅक’. पुढे स्वतःचा बँड काढताना त्याने तेच नाव ठेवले. मैफल गाजवणारा तो, पण पाटीवर नावे मागे बसून ताल धरणाऱ्यांची! या संपूर्ण इतिहासाची किल्ली या एका निर्णयात आहे.

५/ गंमत अशी की १३ ऑगस्ट १९६७ रोजी विंडसरच्या महोत्सवात बँड प्रथम रंगमंचावर आला, तेव्हा नावातला ‘मॅक’ तेथे नव्हताच. मेयॉलकडची बांधील मिळकत सोडायला मॅकव्ही तयार नव्हता. बॉब ब्रनिंग याने तात्पुरती जागा भरली. काही आठवड्यांनी मॅकव्ही आला तो कायमचा.

६/ यश लगेच आले. गिटारवर जेरेमी स्पेन्सर होताच. १९६८ मध्ये अठरा वर्षांचा डॅनी कर्वन हा तिसरा गिटारवादक आला. ‘अल्बट्रॉस’ ही शब्दांविनाची, संथ लयीतली रचना जानेवारी १९६९ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

७/ मग गळती लागली. पैसा आणि कीर्ती ग्रीनला सलू लागली होती. कमाई दान करावी, असे तो सहकाऱ्यांना सांगे. एलएसडीच्या सेवनाने त्याचे मन अधिकच अस्थिर झाले. मे १९७० मध्ये त्याने बँड सोडला. पुढे स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले.

८/ फेब्रुवारी १९७१. अमेरिकेचा दौरा चालू असताना लॉस एंजेलिसमध्ये स्पेन्सर पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून बाहेर पडला आणि परतलाच नाही. शोध घेतल्यावर तो ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ या पंथात सामील झाल्याचे कळले. दौरा पुरा करण्यासाठी ग्रीनलाच विनवून परत आणावे लागले.

९/ १९७२ मध्ये कर्वनने कार्यक्रमाआधी स्वतःची गिटार फोडली आणि रंगमंचावर जाण्यास नकार दिला. त्याला काढण्यात आले. गायक डेव्ह वॉकर थोडे महिने टिकला. गिटारवादक बॉब वेस्टन याचे फ्लीटवुडच्या पत्नीशी प्रेमसंबंध उघड झाले आणि १९७३ च्या शरदात तोही गेला. दौरा अर्धवट राहिला.

१०/ येथे इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रसंग घडतो. व्यवस्थापक क्लिफर्ड डेव्हिस याने दावा केला की बँडच्या नावाची मालकी आपलीच. १९७४ च्या आरंभी त्याने संपूर्ण वेगळेच वादक गोळा करून ‘फ्लीटवुड मॅक’ म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडले!

११/ फ्लीटवुड येऊन मिळणार असल्याचे आपल्याला सांगितले होते, असे त्या वादकांचे म्हणणे. फ्लीटवुडने ते नाकारले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन्ही साक्षी नोंदवून थांबावे. प्रेक्षकांचा निवाडा मात्र स्पष्ट होता : रोष वाढला, दौरा कोसळला, आणि वाद न्यायालयात गेला.

१२/ एरवी तात्त्विक वाटणारा प्रश्न आता वकिलांपुढे आला : बँड म्हणजे नेमके काय? करारावरची सही, गाणारा आवाज, की नावातली दोन माणसे? प्रकरण अखेर तडजोडीने मिटले, पण त्यात काही वर्षे गेली. तोवर बँड मोडण्याची सर्व लक्षणे दिसत होती.

१३/ या पडझडीत बँड सावरून धरणाऱ्यांत एक नाव आज क्वचितच घेतले जाते. बॉब वेल्च. १९७१ मध्ये आलेला हा कॅलिफोर्नियाचा गिटारवादक-गायक. चार वर्षांत त्याने बँडबरोबर पाच अल्बम केले. ब्लूजपासून मधुर, स्वप्नाळू पॉप-रॉककडे जे वळण मिळाले, त्यात त्याचा आणि क्रिस्टीन मॅकव्हीचा मोठा वाटा होता.

१४/ क्रिस्टीन ही जॉनची पत्नी. पूर्वी ‘चिकन शॅक’ या बँडमध्ये गाणारी; १९७० मध्ये ती रीतसर येथे आली. वादाच्या त्या काळात वेल्चने आग्रह धरला की लंडन सोडून लॉस एंजेलिस गाठावे, कारण ध्वनिमुद्रिका कंपनीही तेथेच होती. १९७४ मध्ये सारे तेथे गेले. त्या वर्षीचा अल्बम अमेरिकेत ३४व्या स्थानापर्यंत चढला.

१५/ डिसेंबर १९७४ मध्ये थकलेला वेल्चही बाहेर पडला. हिशेब करा : मे १९७० पासून पाच वर्षांच्या आत ग्रीन, स्पेन्सर, कर्वन, वॉकर, वेस्टन, वेल्च असे सहा जण गेले. दर वेळी समोरची जागा रिकामी झाली आणि मागची जोडी तशीच राहिली.

१६/ लॉस एंजेलिसला आल्यामुळेच पुढची भेट घडली. स्टुडिओ पाहायला गेलेल्या फ्लीटवुडला तेथील ध्वनिमुद्रकाने नमुना म्हणून एका अपयशी अल्बममधले गाणे ऐकवले. गिटारवादक होता लिंडसे बकिंगहॅम. बोलावणे आल्यावर त्याने अट घातली : सहचारिणी स्टीव्ही निक्स हिलाही घ्यावे लागेल.

१७/ १९७५ चा ‘फ्लीटवुड मॅक’ हा अल्बम वर्षभराहून अधिक काळ हळूहळू चढत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. मग फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘रूमर्स’ आला. अमेरिकेत ३१ आठवडे अग्रस्थान, जगभर चार कोटींहून अधिक खप आणि १९७८ चा सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी.

१८/ हे ध्वनिमुद्रण चालू असताना मॅकव्ही दांपत्य विभक्त झाले होते, निक्स आणि बकिंगहॅम दुरावले होते, फ्लीटवुडचा संसार मोडत होता. यातले ‘द चेन’ हे एकच गाणे पाचही जणांच्या नावे आहे. वेगवेगळ्या रचनांचे तुकडे जोडून ते तयार झाले. बँडची घडणही तशीच नव्हे काय?

१९/ पुढचे थोडक्यात. १९८७ मध्ये बकिंगहॅम गेला. काही वर्षांनी निक्सही गेली. १९९५ चा ‘टाइम’ नव्या चेहऱ्यांसह आला आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत शिरलाही नाही. १९९७ मध्ये जुने पाचही एकत्र येताच ‘द डान्स’ थेट पहिला. म्हणजे केवळ नावाची पाटी पुरत नव्हती, हेही खरे.

२०/ १९९८ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने बँडमधल्या आठ जणांचा सन्मान केला. ग्रीन, स्पेन्सर, कर्वन होते. ‘रूमर्स’चे पाचही होते. बॉब वेल्च नव्हता. मानधनाच्या हक्कांसाठी त्याने १९९४ मध्ये बँडवर दावा लावला होता. आपल्याला वगळण्याचे कारण तेच, असे त्याला वाटे.

२१/ आरंभाच्या ब्लूजचे कौतुक झाले, शिखराचेही झाले. या दोन्हींना जोडणारा पूल मात्र यादीतून निसटला. वेल्च २०१२ मध्ये वारला. इतिहासलेखनात हे वारंवार घडते : संस्थापक आणि विजेते लक्षात राहतात, पडत्या काळात दार उघडे ठेवणाऱ्यांसाठी पान उरत नाही.

२२/ २०१८ मध्ये बकिंगहॅमला काढून माइक कॅम्बेल आणि नील फिन यांना घेतले गेले, तेव्हाही बँड चालतच राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रिस्टीन गेली आणि तिच्याविना पुढे जाण्याला अर्थ नाही, असे निक्सने सांगितले. नावातले दोघे होते, तरीही साखळी थांबली.

२३/ म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : नावाने बँड जगवला, पण नावाला अर्थ दिला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी. ‘रूमर्स’ पुन्हा ऐकाल तेव्हा त्याआधी १९७२ चा ‘बेअर ट्रीज’ही एकदा ऐका. त्यातले ‘सेंटिमेंटल लेडी’ हे गाणे वेल्चचे आहे.

२४/ १९७७ मध्ये त्याने ते गाणे स्वतंत्रपणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. त्यात साथीला कोण होते? क्रिस्टीन मॅकव्ही आणि त्याची रिकामी जागा घेणारा लिंडसे बकिंगहॅम. यादीतून निसटलेला पूल या गाण्यात अजून शाबूत आहे.

(समाप्त)