काहिलीखालची आच

काशीतला दुर्गाघाट म्हणजे जुनी मराठी वस्ती. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात तो बांधवला. पुरणपोळी इथल्या घरांतून गेली नाही. गूळ मात्र त्या मुलखाचा, आणि तो कढवण्याची तऱ्हा कोल्हापूरकराला चकित करील अशी.

उत्तर प्रदेशात पुष्कळ ठिकाणी एका लांबट भट्टीवर दोन-तीन कढया ओळीने बसवतात. एका टोकाला जाळ, दुसऱ्या टोकाला धुराडे. जाळावरच्या कढईत पाक तयार होतो, तर धुराड्याकडच्या कढईत नुसता धुराच्या उष्णतेवर कच्चा रस तापत असतो. तापला की पुढच्या कढईत. आपल्या चुलीच्या वैलावर दूध ऊन राहते, तीच युक्ती.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात बहुधा एकच अवाढव्य काहील असते. चुलवणात वाळली चिपाडे सारत राहायचे, रानभेंडीच्या चिकाने वर आलेली मळी काढायची आणि गुळव्याने खूण केली की अख्खे आधण एकदम वाफ्यात ओतायचे. रंग आणि कणी एकाच नजरेखाली राहते, ही त्यातली सोय. गुळव्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही. पण धुराड्यातून बरीच उष्णता वाया जाते, हे खरेच.

ओळीतल्या कढयांनी धूर वापरला, तरी रसाची वाफ हवेतच जायची. अमेरिकेतल्या लुइझियानात गुलाम माणसे अशाच ओळीत उकळता रस पळ्यांनी पुढे ढकलत, भाजत. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यूने 1843 साली बंद भांड्यांचे पेटंट घेतले. पहिल्या भांड्यातल्या वाफेने दुसऱ्यातला रस उकळायचा, दुसऱ्यातल्या वाफेने तिसऱ्यातला. पुढच्या भांड्यात दाब कमी, म्हणून कमी तापमानालाही उकळी. तीन भांडी असली की एक टन वाफेत सुमारे तीन टन पाणी उडते.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51चा. त्यानंतर सहकारी कारखान्यांबरोबर ही भांडी महाराष्ट्रात गावोगाव पोहोचली. आता बगॅसवर, म्हणजे चिपाडांवर, चालणाऱ्या बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज करते आणि उरलेल्या आचेनिशी पहिल्या भांड्यात शिरते. बॉयलरच्या धुरालाही सोडत नाहीत. धुराड्यात जाण्यापूर्वी त्याच्याकडून बॉयलरचे पाणी आणि जाळाला लागणारी हवा तापवून घेतात.