प्रस्तावित विधेयके आणि नागरी स्वातंत्र्य (बेळगाव सीमाभाग)

राज्य सरकारने मांडलेल्या, मसुद्याच्या अवस्थेत असलेल्या किंवा नुसत्या जाहीर केलेल्या कायद्यांचा नागरिकांच्या भाषण, व्यवसाय, सभा आणि भाषा या स्वातंत्र्यांवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. नोंद कर्नाटकातील बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील उचगाव आणि त्या परिसरातील मराठी भाषकांपुरती मर्यादित आहे. उचगाव बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याच्या पट्ट्यात येते. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची अशी गावे मागे टाकत हा रस्ता शिनोळीला पोहोचतो आणि तिथे कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका, म्हणजेच महाराष्ट्र सुरू होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला सीमादावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

विधेयक लोकांपर्यंत पोहोचते कसे, हा इथला पहिला प्रश्न. मजकूर कन्नडमध्ये असतो. संविधानाच्या ३४८ (३) या अनुच्छेदानुसार राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद अधिकृत मानला जातो. ज्यांच्यावर परिणाम व्हायचा त्यांची भाषा या दोन्हींत नाही. उचगावच्या माणसाला कलमे कळतात ती ‘तरुण भारत’सारख्या बेळगावच्या मराठी दैनिकांतून, तीही बातमीच्या बेताने कापलेली. सभागृहातला आवाजही ओसरला आहे. २००८ च्या फेररचनेपर्यंत उचगाव नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता आणि तिथून सीमाभाग महाराष्ट्रात जावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून जात. २०१३ च्या विधानसभेत समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत एकही निवडून आला नाही. पुढे उल्लेखलेली भाषा आणि नोकऱ्यांविषयीची विधेयके याच काळातली आहेत.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण कधी कायदा झालेच नाही. मे २०१७ मध्ये कर्नाटकचे नगरविकासमंत्री रोशन बेग यांनी बेळगावात जाहीर केले, की ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या आणि राज्याविरुद्ध बोलणाऱ्या लोकप्रतिनिधींचे सदस्यत्व रद्द करणारा कायदा आणला जाईल. महाराष्ट्रात त्याचे तीव्र पडसाद उमटले. तिथले परिवहनमंत्री दिवाकर रावते बेळगावकडे निघाले, त्यांना सीमेवरील कोगनोळीजवळ अडवण्यात आले. राज्य परिवहन महामंडळाने १ जूनच्या वर्धापनदिनी आपल्या बोधचिन्हाला ‘जय महाराष्ट्र’ची जोड दिली. प्रस्ताव त्या गदारोळात विरला, पण कायद्याच्या अंगाने त्याकडे पाहायला हवे. स्थानिक संस्थांच्या सदस्यांना अपात्र ठरवणारा कायदा करण्याचा अधिकार राज्याला खरोखरच आहे. पंचायतींसाठी अनुच्छेद २४३ च, नगरपालिकांसाठी २४३ फ. ग्रामपंचायतीच्या सदस्याला आमदारासारखे सभागृहातील भाषणाचे घटनादत्त संरक्षण मात्र नाही. दुसरीकडे, राज्यांच्या सीमा बदलण्याची तरतूद संविधानाच्याच तिसऱ्या अनुच्छेदात आहे, तेव्हा सीमा बदला असे म्हणणे हा राष्ट्रद्रोह तर नाहीच, साधी बेकायदा मागणीही नाही. १९९५ च्या बलवंतसिंग खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या घोषणांवरून, त्याही फुटीरतावादी घोषणांवरून, झालेली शिक्षा रद्द केली होती. प्रस्ताव कागदावर आला असता तर न्यायालयात टिकणे कठीण होते. पण खटला चालेपर्यंत पंचायतीची पाच वर्षांची मुदत संपून जाते, आणि अशा घोषणेचा खरा धाक तोच असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये कन्नड भाषा सर्वंकष विकास विधेयक विधानसभेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये त्याचा कायदा झाला. चर्चा झाली ती पाट्यांची आणि दंडाची. जानेवारी २०२४ मध्ये फलकावर साठ टक्के कन्नडची अट घालणारा वटहुकूम राज्यपालांनी परत पाठवला. फेब्रुवारीत तीच अट दुरुस्ती विधेयकाच्या रूपाने विधिमंडळाने मंजूर केली. मधल्या दोन-तीन आठवड्यांत सक्ती तसूभरही कमी झाली नाही. एवढेच, की ती सभागृहाच्या वाटेने आली. पाटीचा त्रास दुकानदाराला होतो, पण चाळीस टक्के जागा उरते आणि तिथे मराठी लिहिता येते. त्यापेक्षा दूरवर जाणारी गोष्ट कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात आहे. पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कन्नड लिहिता-वाचता येणे या कसोट्यांवर ‘कन्नडिग’ कोण हे तिथे ठरवले गेले. दंडाच्या कलमावर मोर्चे निघतात. व्याख्येच्या कलमावर निघालेला मोर्चा सहसा दिसत नाही.

व्याख्या काय करू शकते हे जुलै २०२४ च्या नोकऱ्यांच्या विधेयकाने दाखवले. खाजगी उद्योगांतील व्यवस्थापकीय जागांपैकी ५० टक्के आणि इतर जागांपैकी ७० टक्के स्थानिकांना द्याव्यात, असा मसुदा कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने मंजूर केला होता. स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. दहावीला कन्नड विषय नसेल तर चाचणी. मराठी शाळेतून शिकलेली आजची मुले कन्नड विषय घेतात, त्यामुळे भाषेची अट त्यांना कदाचित जड गेली नसती. चंदगड किंवा कोल्हापूरकडे शिकलेल्यांना गेली असती. खरी मेख ‘जन्मलेला’ या शब्दात होती. या पट्ट्यातल्या सोयरिकी सीमेपलीकडे होतात आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. आई चंदगड तालुक्यातली असली, तर उचगावात वाढलेला, तिथेच मतदान करणारा मुलगा मसुद्याच्या अक्षरानुसार स्थानिक ठरला नसता, आणि त्या घरात नांदायला आलेली सून तर कधीच नाही. बंगळूरच्या उद्योगांनी ओरड केली आणि मंत्रिमंडळाच्या मंजुरीनंतर काही दिवसांतच विधेयक थांबवण्यात आले. सीमाभागातल्या माहेरवाशिणींचा विचार त्या निर्णयामागे होता, असे कोणी म्हणणार नाही. न्यायालयातही ते टिकणे सोपे नव्हते: हरियाणाचा ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता.

सगळे निर्बंध विधेयकाच्या वाटेने येत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. शाळांतील कन्नड सक्ती कन्नडला शिक्षणात अग्रस्थान द्यावे म्हणणाऱ्या गोकाक समितीच्या शिफारशींनंतर सरकारी आदेशांतून आली. तिच्याविरुद्धच्या जून १९८६ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला त्यांना अभिवादन होते. मातृभाषेतूनच प्राथमिक शिक्षणाची सक्ती राज्याला करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी दिला. खटला कर्नाटकातील इंग्रजी शाळांच्या व्यवस्थापनांचा होता. बेळगावातील हिवाळी अधिवेशनाच्या वेळी होणारा महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा रोखायला तर नवा कायदा लागतच नाही. जमावबंदीचा आदेश पुरतो.

शिनोळीच्या पलीकडचे चित्र अगदी वेगळे आहे असे समजू नये. मार्च २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि इतर लिपीतील अक्षरे मराठी अक्षरांहून मोठी चालत नाहीत. मुंबईत या नियमाला टाळ्या वाजवणारे बेळगावच्या पाट्यांवर बोलताना जरा अडखळायला हवेत. महाराष्ट्राचे जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले तेव्हा ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दांची व्याप्ती हाच आक्षेपाचा मुद्दा होता. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मांडल्यावर ते संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. सूचनांना किती मान मिळाला यावर मतभेद आहेत, पण मराठी वाचकाला मसुदा आपल्या भाषेत वाचून आपल्या भाषेत हरकत घेता आली. उचगावच्या वाचकाला ती सोय नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील अधिवेशनात द्वेषमूलक भाषण आणि द्वेषगुन्हे प्रतिबंधक विधेयक मांडले आणि मंजूर केले गेले. एक ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद असलेल्या या विधेयकात संरक्षित आधारांच्या यादीत धर्म आणि जातीबरोबर जन्मस्थान आणि भाषाही आहेत. मजकूर पाहिला तर मराठी माणसाला भाषेवरून हिणवणाऱ्याविरुद्ध ते वापरता येते. दर १ नोव्हेंबरला सीमाभागात पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीतल्या घोषणेविरुद्धही वापरता येते. यांपैकी काय होईल हे कलमाच्या मजकुरावर कमी आणि तक्रार नोंदवून घेणाऱ्या पोलीस ठाण्यावर जास्त अवलंबून आहे.