पणाला लागलेला पत्ता

रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक. १९९३ साली त्याचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला, तेव्हा त्याचा हिशेब साधा होता: लोक मोजकीच पाकिटे घेतील, प्रभावी पत्ते एखाद्याकडेच सापडतील. शिवाय प्रत्येक डावात एक पत्ता पणाला लागे व जिंकणारा तो नेई; म्हणजे पत्ते हिंडते राहणार! प्रत्यक्षात लोकांनी खोकीच्या खोकी घेतली आणि दुर्मीळ पत्ता पणाला लावण्यास फारसे कोणी धजेनात.

१९९५ मध्ये ‘क्रॉनिकल्स’ संचात कंपनीने जुने पत्ते पुन्हा छापले. खेळाडूंची सोय झाली, पण संग्राहकांच्या ठेव्याचे मोल घसरले. त्यांच्या रोषापुढे नमून १९९६ मध्ये कंपनीने ठरावीक पत्ते पुन्हा न छापण्याचे वचन दिले. हे वचन संग्राहकांना होते, खेळाडूंना नव्हे. स्पर्धेत चालेल असा ‘ब्लॅक लोटस’ त्यानंतर छापला गेलेला नाही.