गोलकीपरचं डोकं: नागपूरचा ॲलन आणि ग्लासगोचा थॉमसन

परवा ओपीडीत दहावीतला एक मुलगा आला होता. फुटबॉल खेळताना गोलमध्ये उभा होता, चेंडूवर झेप घेतली आणि समोरून धावत येणाऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला. "नुसतं टेंगूळ आहे डॉक्टर, हळद लावली की झालं ना?" आईने विचारलं. मुलगा सुदैवाने ठीक होता. पण हा प्रश्न तुम्हीही कधी ना कधी विचारता, म्हणून आज उत्तर जरा लांबून देतो. त्यात दोन गोलकीपर आहेत. एक आपल्या नागपूरचा, दुसरा स्कॉटलंडचा, आणि दोघेही एकाच काळातले.

रिचर्ड जेम्स ॲलन यांचा जन्म ४ जून १९०२ रोजी नागपूरला झाला. पुढे शिक्षण मसुरी आणि नैनितालला. त्या काळी हॉकी वाढली ती छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत आणि अशा शाळांत. (हिंगोलीतही एकेकाळी निजामाच्या काँटिंजंटची छावणी होती, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.) १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकला भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच गेला. पाच सामने खेळला, २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. पाचही सामन्यांत गोलमध्ये ॲलन होते. अंतिम सामन्यात तर ध्यानचंद अंगात ताप घेऊन खेळत होते. तरी हॉलंडला ३-० हरवून सुवर्णपदक आणलं.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेविरुद्ध भारताने २४ गोल केले. अमेरिकेने केला एक. तो कसा झाला, याची गंमत अजून सांगतात: ॲलनसाहेबांकडे चेंडूच येईना, म्हणून ते गोलच्या मागे जाऊन लोकांना सह्या देत होते! खरं-खोटं ॲलनच जाणोत. १९३६ ला बर्लिनमध्ये ते चौतिशीत होते. अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ हरवलं. तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्णपदकं आणि ॲलन यांनी एकूण खाल्लेले गोल फक्त दोन. नागपूरकरांनाही हे नाव फारसं ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता डॉक्टरच्या नजरेने बघा. हॉकीचा चेंडू वजनाला क्रिकेटच्या चेंडूएवढा, म्हणजे साधारण १६० ग्रॅम. ॲलन यांच्या पायाला पॅड होते, पण डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडासमोर जाळी नाही. बर्लिनच्या त्याच अंतिम सामन्यात जर्मन गोलकीपरशी टक्कर होऊन ध्यानचंद यांचा दात गेला आणि उपचार घेऊन ते परत मैदानात उतरले. (तुमच्या मुलाचा पक्का दात असा मुळासकट निघाला तर मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधात ठेवा आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरकडे पोचा. तो पुन्हा बसू शकतो.)

ॲलन धडधाकट निवृत्त झाले. जॉन थॉमसनच्या नशिबी ते नव्हतं.

थॉमसन हा स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या खाणकामगाराचा मुलगा. स्वतःही कोळशाच्या खाणीत काम केलेला. अठरा वर्षांचा होतो न होतो तोच ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा गोलकीपर झाला, पुढे देशाकडून चार सामने खेळला. त्याची खासियत म्हणजे समोरच्याच्या पायाशी बेधडक झेप. १९३० साली अशाच एका झेपेत जबडा आणि बरगड्या मोडल्या, दोन दात गेले. आईने विनवलं, बाळा, आता हे सोड. त्याने ऐकलं नाही.

५ सप्टेंबर १९३१. आयब्रॉक्स मैदान, समोर कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्स. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच रेंजर्सचा सॅम इंग्लिश गोलकडे धावला, थॉमसनने त्याच्या पायाशी झेप घेतली आणि इंग्लिशचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला. चूक कुणाचीच नव्हती. चौकशीतही तो अपघातच ठरला. रुग्णालयात नेल्यावर थॉमसनला मोठा झटका आला. मेंदूवरचा दाब कमी करायला शस्त्रक्रिया केली, पण त्याच रात्री तो गेला. वय २२. अंत्ययात्रेला हजारो लोक आले. काही जण ग्लासगोहून चालत आले होते.

नेमकं झालं काय होतं? कवटीचं हाड आत दबलं होतं. पत्र्याच्या डब्याला पोचा पडतो ना, तसं. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्तस्राव झाला किंवा मेंदू सुजला तर पसरायला जागा नसते, सगळा दाब मेंदूवरच येतो. कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने रक्तवाहिनी जाते, म्हणून तिथला मार वाईट. कधी कधी रुग्ण आधी शुद्धीवर येतो, बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी कोसळतो. "मघाशी तर चांगला बोलत होता" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

१९३१ च्या डॉक्टरांकडे आत डोकवायला सीटी स्कॅन नव्हता. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये झाला १९७१ ला. २००६ साली चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक याला अगदी तशीच दुखापत झाली: समोरच्याचा गुडघा, आत दबलेली कवटी. त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली, तो वाचला आणि काही महिन्यांत मैदानात परतला, डोक्यावर संरक्षक टोपी घालून. ती टोपी त्याने निवृत्तीपर्यंत काढली नाही.

म्हणून त्या आईला मी जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. डोक्याला मार लागल्यावर पुढचे २४ तास माणसाला एकटं सोडू नका. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा बडबड, झटका, एका बाजूची शक्ती कमी होणं, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव: यातलं एक जरी दिसलं तरी थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. काही क्षण जरी बेशुद्ध झाला असेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाट बघू नका. जखमेत हळद, कॉफी भरू नका. गुंगीत असलेल्याला पाणी पाजू नका, कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा.

माझ्याकडे डोक्याला मार लागून येणारे बहुतेक जण गोलकीपर नसतात, दुचाकीवाले असतात. नांदेड रोडवर, औंढ्याच्या वाटेवर. हेल्मेट असतं, पण आरशाला लटकवलेलं किंवा पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेलं.

तो मुलगा निघताना म्हणाला, "डॉक्टर, पुन्हा गोलमध्ये उभा राहू ना?" म्हटलं, रहा की, पण डोकं दुखायचं पूर्ण थांबल्यावर आणि मला एकदा दाखवून. मग त्याच्या वडिलांकडे वळलो आणि विचारलं, तुम्ही याला गाडीवर कसं आणलंत? ते नुसतेच हसले.